रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

‘सिनेमा’ असं नाव दिलेलं बटण दाबलं. टीव्ही लागला, पण आवाज नाही, कारण स्पीकरांना आवाज पुरवणारा खोका, म्हणजे रिसीव्हर, बंदच. तेच बटण पुन्हा दाबलं. आता रिसीव्हर लागला आणि टीव्ही बंद पडला. तिसऱ्यांदा दाबलं तर पुन्हा पहिलीच गत. युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या उपकरणांना मिळून एकच, रिमोट घेतलेल्या बहुतेकांनी हा लपंडाव कधी ना कधी खेळलेला असतो. खेळून कंटाळा आला की रिमोट खणात जातो आणि टेबलावर पुन्हा चार रिमोटांची रांग लागते.

असे ‘बिघडलेले’ रिमोट मी बरेच हाताळलेत. खरोखर बिघडलेला त्यात क्वचितच सापडला. अदृश्य उजेडाने हुकूम सोडणाऱ्या इन्फ्रारेड रिमोटला एकच गोष्ट येते: बोलणं. आपलं बोलणं पोचलं का, समोरच्याने काय केलं, तो मुळात जागा आहे की झोपलाय, यातलं त्याला काहीच कळत नाही. उपकरणासोबत आलेला रिमोटही असाच बहिरा असतो, पण तिथे त्याची उणीव आपले डोळे भरून काढतात. रिसीव्हरचा दिवा लागला नाही की आपण पुन्हा बटण दाबतो. युनिव्हर्सल रिमोटवर मात्र आपण एका बटणाखाली सात-आठ हुकूम बांधतो आणि डोळे मिटून घेतो. घोळ तिथे होतो. म्हणून भरवशाचा रिमोट बनवायचा म्हणजे त्याला असेच हुकूम द्यायला शिकवायचं, ज्यांचं उत्तर ऐकण्याची गरज पडू नये. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आणि टीव्हीपेक्षा रिसीव्हरच का जास्त छळतो? टीव्हीला चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढं आलं की काम भागतं. रिसीव्हर म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांचा चौक. डिस्क प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, गेमचा खोका, सगळ्यांच्या तारा त्यात येतात, त्यातून एक तार टीव्हीला जाते, आणि आवाज त्याच्याच स्पीकरांतून निघतो. तो चुकीच्या इनपुटवर राहिला की चित्रही जातं आणि आवाजही. शिवाय जागं व्हायलाही तो वेळ लावतो.

उजेडाची भाषा

रिमोटच्या टोकाचा छोटा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. आपल्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपलीकडचं दिसत नाही, म्हणून हा उजेड आपल्यासाठी अदृश्य. पण ऊन आणि जुने पिवळे बल्बही असाच अदृश्य उजेड ओतत असतात. त्या गोंगाटात एका इवल्या एलईडीचं बोलणं ओळखायचं कसं? युक्ती साधी आहे. रिमोट आपला उजेड सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवतो आणि रिसीव्हरच्या काचेमागचा सेन्सर फक्त त्याच गतीने लुकलुकणाऱ्या उजेडाकडे लक्ष देतो. बाकीचा सगळा गाळून टाकतो.

या लुकलुकीचे लहान-मोठे तुकडे आणि त्यांच्यामधले लहान-मोठे विराम, यांतून शून्य आणि एक तयार होतात. तारखात्यातल्या कडकट्टसारखंच, फक्त कितीतरी पटीने वेगवान. खूप वापरल्या जाणाऱ्या, एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीचं उदाहरण घेऊ. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंदांचा विराम. त्यानंतर ३२ बिट, म्हणजे ३२ शून्य-एक: आठ बिट पत्ता (हुकूम कोणत्या उपकरणासाठी ते), तोच पत्ता उलटा करून (शून्याचा एक, एकाचा शून्य) पुन्हा, आठ बिट हुकूम, तोच हुकूम उलटा करून पुन्हा. उलटी प्रत ही पडताळणीसाठी. दोन्ही जुळल्या नाहीत तर उपकरण तो संदेश टाकून देतं. हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या भागातही मावतं. बटण दाबून धरलं तर अख्खा संदेश पुन्हा जात नाही, दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास ‘वरीलप्रमाणे’ एवढीच छोटी खूण जाते.

ही झाली एक बोली. फिलिप्सने रूढ केलेली आरसी-५ ही दुसरी. ती ३६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३६,००० वेळा लुकलुकत बोलते, आणि तिच्या १४ बिटांपैकी एक बिट दर नव्या दाबाला उलटतो. बोट उचलून पुन्हा दाबलंय, का तेच बोट अजून बटणावर आहे, हे उपकरणाला त्यावरून कळतं. सोनीची बोली ४० किलोहर्ट्झवर चालते, आणि तिथे एकच संदेश दर ४५ मिलिसेकंदांनी किमान तीनदा पाठवायची पद्धत आहे. जुन्या डेनॉनच्या बोलीत एक संदेश सरळ आणि त्यामागे त्याचीच उलटी प्रत असा जोड जातो, आणि उपकरण दोन्ही ताडून बघतं.

हे तपशील सांगायचं कारण असं की ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. सोनीच्या रिसीव्हरला मॅक्रोतून, म्हणजे एका बटणाखाली बांधलेल्या हुकमांच्या माळेतून, एकदाच संदेश पाठवला तर तो खुशाल कानाआड करू शकतो. हाताने दाबताना बोट सहज पाव सेकंद बटणावर राहतं, तेवढ्यात पाच-सहा प्रती जातात, म्हणून हाताने ‘चालतं’. मॅक्रोत मात्र ‘चालत नाही’. चांगल्या रिमोटांत प्रत्येक हुकूम किती वेळा पाठवायचा ही सेटिंग असते. ती एकवरून तीनवर नेली की भुताटकी संपते.

कोड म्हणजे काय आणि तो चुकतो कसा

साध्या युनिव्हर्सल रिमोटमध्ये सेटअपचं बटण दाबून धरायचं, दिवा दोनदा लुकलुकला की चार-पाच अंकी कोड टाकायचा. हा आकडा म्हणजे रिमोटच्या पोटातल्या वहीचा पान क्रमांक. त्या पानावर एका विशिष्ट कुळातल्या उपकरणाची बोली, पत्ता आणि हुकमांची यादी लिहिलेली असते. एकाच कंपनीच्या नावापुढे सहा-सात कोड दिलेले असतात, कारण कंपनीने वर्षानुवर्षं पत्ते आणि बोली बदललेल्या असतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे रिसीव्हर बंद झाला की ‘जमलं!’ म्हणून थांबणं. रिमोटची आपोआप शोधण्याची सोय तर बहुधा हेच करते. एकेक पान उलटत बंद करायचा हुकूम पाठवते, आणि आपण रिसीव्हर बंद झालेला पाहून तिला थांबवतो. पण बंद करणारं पहिलं पान हे पूर्ण पान असेलच असं नाही. चालू-बंद आणि आवाज त्यात बरोबर असतात, पण इनपुटची बटणं अर्धी मुकी, मेन्यूचे बाण भलतीकडे. म्हणून कोड पक्का करण्याआधी निदान तीन जातींची बटणं तपासा: इनपुट थेट निवडणारी, मेन्यूतले बाण आणि ओके, आणि सराउंडचे प्रकार बदलणारी. एखादं जरी मुकं निघालं तरी यादीतला पुढचा कोड बघा.

रिसीव्हरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तो दिसायला एक खोका असला तरी आत बऱ्याचदा तीन-चार उपकरणं नांदत असतात. मुख्य खोलीचा आवाज एका पत्त्यावर, रेडिओ दुसऱ्या, दुसऱ्या खोलीचे स्पीकर तिसऱ्या. त्यामुळे एका कोडमध्ये सगळं मिळेल ही अपेक्षाच चूक. रेडिओसाठी रिमोटवर वेगळं उपकरण बनवावं लागलं तर गोंधळू नका.

आणि एकही कोड लागत नसेल, अगदी एकही, तर रिसीव्हरच्या मेन्यूत ‘रिमोट आयडी’ शोधा. यामाहा, ओन्कियो यांच्यासारख्या कंपन्यांच्या अनेक रिसीव्हरांत ही सेटिंग असते. एका खोलीत एकाच कंपनीचे दोन रिसीव्हर असतील तर दोघांनी एकच हुकूम ऐकू नये म्हणून ती दिलेली. कुणीतरी पूर्वी ती बदलून ठेवली असेल तर तुमचे सगळे कोड बरोबर असूनही पत्ता चुकतो. टपाल वेगळ्या दारात पडत राहतं.

शिकवताना

कोड सापडला नाही किंवा दोन-चार बटणं कमी पडली तर मूळ रिमोटकडून शिकवता येतं. दोन रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि एकेक बटण दाबत जायचं. काम सोपं दिसतं, पण माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आवाज वाढवायचं बटण शिकवताना ‘नीट शिकावं’ म्हणून मी ते चांगलं दोन सेकंद दाबून धरलं होतं. नंतर एकदा हलकेच टिचकी मारली तरी आवाज चार-पाच पायऱ्या वर उडायचा. मी रिमोटला शिव्या घातल्या, बॅटरी बदलली, रिसीव्हर तपासला. खरं तर त्याने मी शिकवलं तेच इमानाने पाठ केलं होतं: मूळ संदेश आणि त्यामागची ‘वरीलप्रमाणे’ची सगळी माळ. पुन्हा छोट्या टिचकीने शिकवलं आणि विषय मिटला.

त्यामुळे शिकवताना आखूड दाब. दोन रिमोटांमधलं अंतर दोन-चार सेंटिमीटर, मूळ रिमोटमध्ये ताज्या बॅटऱ्या, आणि ऊन किंवा ट्यूबलाइट त्यावर थेट पडणार नाही अशी जागा. गोंगाटात शिकलेला संदेश घोगरा निघतो, समोरून चालतो आणि जरा तिरक्या कोनातून चालत नाही. प्रत्येक बटण दोनदा शिकवून दोन्ही वेळा पाच-सहा पावलांवरून तपासलं तर नंतरचा मनस्ताप वाचतो.

आरसी-५ बोलीत आणखी एक सापळा असतो. मघाशी सांगितलेला तो उलटणारा बिट शिकलेल्या संदेशात गोठून बसतो. मग तेच बटण लागोपाठ दोनदा दाबलं की उपकरणाला वाटतं, बोट अजून उचललेलंच नाही, आणि दुसरा दाब वाया जातो. अशा उपकरणांना शिकवण्यापेक्षा रिमोटच्या पोटातला कोड वापरलेला बरा, कारण तिथे रिमोटला बोलीचं व्याकरण माहीत असतं, नुसती पोपटपंची नसते. काही बोली तर साध्या रिमोटला शिकताच येत नाहीत. बँग अँड ओलफसेनची उपकरणं ४५५ किलोहर्ट्झवर बोलतात, आणि बहुतेक शिकाऊ रिमोटांचे कान तिथवर पोचत नाहीत.

‘बदल’ नको, ‘हो’ म्हण

आता मूळ दुखण्याकडे येऊ, सुरुवातीच्या लपंडावाकडे.

रिसीव्हरच्या मूळ रिमोटवर पॉवरचं सहसा एकच बटण असतं. त्याचा अर्थ ‘सुरू हो’ असा नसतो, ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. असा हुकूम डोळस माणसाने द्यायचा. आंधळ्या रिमोटने दिला की निकाल सध्याच्या स्थितीवर अवलंबून राहतो, आणि स्थिती तर रिमोटला ठाऊकच नाही. यावर उतारा म्हणजे स्वतंत्र हुकूम: एक फक्त ‘सुरू हो’, एक फक्त ‘बंद हो’. आधीच सुरू असलेल्या रिसीव्हरला ‘सुरू हो’ म्हटलं तर काहीच घडत नाही. शंभर वेळा म्हटलं तरी नाही. धंद्यातले लोक यांना डिस्क्रीट कोड म्हणतात, आणि रिमोटच्या भरवशाचा निम्म्याहून अधिक भार यांच्यावर असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

बहुतेक नामांकित रिसीव्हरांना हे हुकूम कळतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या रिमोटवर या हुकमांची बटणं सहसा नसतात. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण कंपनीने हे कान घरोघरी थिएटर बसवून देणाऱ्या व्यावसायिकांसाठी ठेवलेले असतात. बटण नाही म्हणजे शिकवायला उगमही नाही. मग मिळवायचे कुठून? एक म्हणजे रिमोटच्या कोडमध्येच ‘पॉवर ऑन’, ‘पॉवर ऑफ’ अशी वेगळी नावं आहेत का ते बघायचं. महागड्या आणि संगणकावरून लावता येणाऱ्या रिमोटांत ती सापडतात. दुसरं म्हणजे कंपनीनेच प्रसिद्ध केलेले इन्फ्रारेड कोडांचे तक्ते.

या तक्त्यांत ‘०००० ००६डी’ अशा सुरुवातीचे लांबलचक आकडे दिसले तर घाबरू नका. ही प्रोंटो नावाच्या फिलिप्सच्या जुन्या रिमोटची लेखनपद्धत, रिमोट मागे पडला तरी लिपी टिकली. पहिला गट सांगतो की हा शिकलेला कच्चा संदेश आहे. दुसऱ्यात लुकलुकण्याची गती दडलेली असते. ००६डी ही सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) मोजणीतली संख्या आपल्या दहा अंकांच्या पद्धतीने १०९ होते, आणि हिशेब केला की ३८ किलोहर्ट्झ निघतात. पुढचे बहुतेक आकडे म्हणजे उजेड आणि विराम यांच्या जोड्या. संगणकाशी जोडता येणाऱ्या बऱ्याच रिमोटांत हे आकडे जसेच्या तसे चिकटवता येतात.

स्वतंत्र हुकूम मिळालाच नाही तर? काही रिसीव्हर इनपुट निवडायचं बटण दाबलं की झोपेतून उठतात. तसं असेल तर तेच तुमचं ‘सुरू हो’. आधी त्या इनपुटने उठवायचं, मग बंद करायची वेळ आली की एकच पॉवर हुकूम, कारण तो आता नक्की सुरू आहे हे आपल्याला माहीत असतं. हीच चाल उलटी लावून ‘बंद हो’ही बनवता येतं: आधी इनपुटचा हुकूम, म्हणजे बंद असला तर उठेल, सुरू असला तर सुरूच राहील, मग पुरेसा थांबून पॉवर. झोपलेल्याला उठवून पुन्हा झोपवायचा हा प्रकार हास्यास्पद वाटतो खरा, पण चुकत नाही.

दुसरा एक मार्ग लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांनी लोकप्रिय केला होता. कोणतं उपकरण सुरू केलं आणि कोणतं बंद, हे रिमोटनेच लक्षात ठेवायचं. हिशेब चुकला तर मदतीचं बटण दाबायचं, मग रिमोट विचारतो: टीव्ही लागला का? रिसीव्हर लागला का? लॉजिटेकने २०२१ मध्ये हे रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं, पण ही कल्पना इतर रिमोटांत जिवंत आहे. ती चांगली आहे, फक्त कुणी उठून रिसीव्हरचं पुढचं बटण हाताने दाबलं की सगळं गणित कोलमडतं. घरात लहान मुलं असतील तर तुम्हाला हे सांगायला नको.

इनपुटलाही हाच नियम. ‘पुढचं इनपुट’ असं बटण मॅक्रोत कधीही घालू नये, थेट ‘डिस्क’, ‘गेम’, ‘टीव्ही’ असं नाव घेणारंच घालावं. रिसीव्हरांत अशी थेट बटणं सहसा असतात. टीव्हीत बऱ्याचदा नसतात. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीचं इनपुट बदलायचंच नाही. सगळी उपकरणं रिसीव्हरला जोडा, टीव्ही कायम रिसीव्हरची तार येते त्याच एका एचडीएमआयवर (चित्र आणि आवाज एकत्र आणणाऱ्या तारेच्या खाचेवर) ठेवा. प्रश्न सोडवण्यापेक्षा तो पडूच न देणं केव्हाही स्वस्त.

थांबणं

बंद रिसीव्हरला ‘सुरू हो’ म्हटल्यावर तो लगेच ऐकायला लागत नाही. आतला संगणक जागा होतो, रिले (विजेवर चालणारे स्विच) खटकन बसतात, स्पीकर जोडले जातात. या काही सेकंदांत आलेले हुकूम हवेत विरतात. त्यातच एचडीएमआयच्या दोन टोकांची ओळखपरेड चालू असते: तू किती रेझोल्यूशनचं चित्र घेतोस, तुला कॉपीबंदीचं कुलूप उघडता येतं का, वगैरे. मॅक्रोतला दुसरा हुकूम पहिल्याच्या पाठोपाठ गेला तर तो वाया गेलाच म्हणून समजा.

म्हणून आधी सगळ्यांना सुरू करायचे हुकूम, सर्वांत आळशी उपकरणाला सर्वांत आधी. मग विराम. मग रिसीव्हरचं इनपुट, आणि शेवटी हवा असेल तर आवाजाचा प्रकार. विराम किती? रिसीव्हर हाताने सुरू करून त्याचं इनपुटचं बटण किती सेकंदांनी ऐकू लागतं ते घड्याळ लावून मोजा, त्यात दोन सेकंद मिळवा. सुरुवातीला सढळ हाताने विराम द्या, सगळं सुरळीत चाललं की हळूहळू छाटा. उलट दिशेने गेलात तर दोष कोडचा की घाईचा, हे कधीच कळणार नाही. एकाच उपकरणाला लागोपाठ दोन हुकूम असतील तर त्यांच्यातही अर्धा सेकंद ठेवावा.

आता सर्वांत नेहमीचा बिघाड, जो कुठल्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. मॅक्रो चालायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि माणूस बटण दाबून दुसऱ्याच सेकंदाला रिमोट गादीवर पालथा टाकतो. उरलेले हुकूम गादीला ऐकू जातात. रिमोट हातात समोर धरून ठेवायला घरच्यांना सांगा, किंवा मॅक्रो आखूड करा, किंवा असा रिमोट घ्या जो रेडिओलहरींनी एका छोट्या खोक्याशी बोलतो आणि खोका कपाटाजवळ बसून उजेड पाडतो. तिसरा पर्याय महाग पडतो, पण घरात चारजण रिमोट वापरणार असतील तर शेवटी तिथेच यावं लागतं.

आवाजाची बटणं कुठल्याही अवस्थेत रिसीव्हरकडेच जायला हवीत. डिस्क बघत असा, गेम खेळत असा, आवाज रिसीव्हरच देतो. बहुतेक रिमोटांत आवाजाची बटणं एकाच उपकरणाला कायमची बांधण्याची सोय असते. त्यासोबत टीव्हीचे स्पीकर त्याच्याच मेन्यूत जाऊन बंद करून टाका.

दुसरा कुणीतरी हुकूम सोडतोय

एचडीएमआयच्या तारेत सीईसी नावाची एक वेगळी वाहिनी असते, कनेक्टरच्या १३ व्या पिनवर. तिच्यावरून उपकरणं आपापसांत बोलतात. सोनी तिला ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग ॲनीनेट प्लस, एलजी सिम्पलिंक, पॅनासोनिक व्हिएरा लिंक. नावं अनेक असली तरी प्रकार एकच. टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप लागतो, टीव्ही बंद केला की सगळे झोपतात.

सोय चांगली आहे, पण युनिव्हर्सल रिमोटसोबत ती म्हणजे एका घोड्यावर दोन स्वार. टीव्ही लागला, त्याने सीईसीवरून रिसीव्हरला उठवलं, आणि दोन सेकंदांनी तुमच्या मॅक्रोतला ‘उलट हो’ पोचून तो पुन्हा झोपला. किंवा गेमच्या खोक्याने परस्पर इनपुट आपल्याकडे ओढून घेतलं. कधी नीट, कधी बिनसलेलं, असं अनियमित वागणं दिसलं की पहिला संशय सीईसीवर घ्यावा. एकाच्याच हाती लगाम द्या. रिमोटला द्यायचा असेल तर प्रत्येक उपकरणाच्या मेन्यूत जाऊन सीईसी बंद करा.

अडचण येते ती टीव्हीतल्या ॲपचा आवाज उलट रिसीव्हरकडे आणताना. त्यासाठीची एआरसी ही सोय एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आली आणि ती सीईसीवर विसंबते. तिच्या नंतरच्या सुधारित रूपाची, ईएआरसीची, ओळख पटवण्याची स्वतःची वेगळी वाट आहे, तरीही अनेक उपकरणांच्या मेन्यूत दोन्ही एकाच गाठीत बांधलेली असतात. अशा वेळी सीईसी चालू ठेवा, पण त्यातलं ‘पॉवर नियंत्रण’ तेवढं बंद होतं का बघा. बऱ्याच रिसीव्हरांत होतं. आणि ते होत नसेल तर स्वतंत्र ‘सुरू हो’चं महत्त्व दुप्पट होतं, कारण सीईसीने आधीच उठवलेल्या रिसीव्हरला तो हुकूम काही इजा करत नाही.

काच, ऊन आणि बॅटरी

इतकं सगळं करूनही हुकूम पोचत नसेल तर प्रश्न वाटेतला आहे. रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा उजेड लुकलुकला तर एलईडी जिवंत. (मागच्या कॅमेऱ्यांत हा उजेड गाळणारी काच सहसा अधिक कडक असते, म्हणून पुढचाच वापरा.) उजेड मंद वाटला तर बॅटरी बदला. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या १.२ व्होल्टच्या असतात, साध्या १.५ च्या. काही रिमोटांना तो फरक सोसत नाही.

रिसीव्हर कपाटात असेल तर सेन्सरवर चिकटवायचा छोटा एलईडी मिळतो. तो नेमका सेन्सरवर लागला पाहिजे, आणि सेन्सर काळ्या काचेमागे दडलेला असतो. टॉर्चचा उजेड तिरका टाकला की आतला छोटा गोल डोळा दिसतो. काही रिसीव्हरांना मागच्या बाजूला इन्फ्रारेडची तार थेट घुसवायची खाच असते. ती असेल तर उजेडाची भानगडच नको.

ऐकणारा रिमोट

अलीकडच्या रिसीव्हरांना घरच्या नेटवर्कवरूनही हुकूम देता येतात, आणि इथे खेळच बदलतो, कारण नेटवर्कवर उत्तर येतं. डेनॉन आणि मरँट्झचे रिसीव्हर पोर्ट २३ वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) साध्या अक्षरांतले हुकूम घेतात. ‘पीडब्ल्यूओएन’ म्हणजे सुरू हो. ‘पीडब्ल्यू’ आणि पुढे प्रश्नचिन्ह पाठवलं तर तो सांगतो, मी सुरू आहे की झोपलोय. ‘एमव्ही५०’ म्हटलं की आवाज थेट ५० वर, पायऱ्या मोजत बसायला नको. ओन्कियोची अशीच भाषा पोर्ट ६०१२८ वर चालते, यामाहाची ५०००० वर. नेटवर्कवरून बोलणारा रिमोट किंवा घर नियंत्रित करणारी प्रणाली असेल तर रिसीव्हरसाठी मी डोळे झाकून हाच मार्ग निवडतो आणि इन्फ्रारेड टीव्हीपुरतं ठेवतो.

त्यासाठी दोन गोष्टी आधी करा. रिसीव्हरच्या मेन्यूत ‘नेटवर्क स्टँडबाय’ चालू करा, नाहीतर झोपल्यावर तो नेटवर्कवरूनही ऐकत नाही. थोडी वीज जास्त जाते, पण त्याला इलाज नाही. आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि रिमोट रिकाम्या घराचं दार ठोठावत बसतो. जमेल तिथे वायफायऐवजी तार.

सगळं लावून झालं की तपासणी. टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर अशी तीन उपकरणं, प्रत्येक सुरू किंवा बंद, म्हणजे एकूण आठ स्थिती. लोक ‘सगळं बंद’ या एकाच स्थितीतून मॅक्रो चालवून बघतात आणि समाधान मानतात. आठही करून बघा: टीव्ही सुरू, बाकी बंद, रिसीव्हर सुरू आणि तोही चुकीच्या इनपुटवर, प्लेअर आधीच फिरतोय, वगैरे. प्रत्येक वेळी ‘सिनेमा’ दाबल्यावर तेच चित्र, तोच आवाज यायला हवा. मग ‘बंद’चीही हीच आठ वेळा परीक्षा. एखाद्या स्थितीत अडखळलं तर तुमच्या मॅक्रोत कुठेतरी अजून एक ‘उलट हो’ किंवा ‘पुढचं इनपुट’ लपून बसलंय. तो हुकूम शोधा, बदला, आणि रिमोट संगणकाशी जोडता येत असेल तर त्याच दिवशी सगळ्या सेटिंगची प्रत काढून ठेवा.